फिकटातलं दाखवू का?

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी मावशीला घेऊन सोलापूरच्या नवी पेठेत साडी घ्यायला गेले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुकानात पंखा फिरत होता, कुणीतरी थंड पाण्याचे पेले आणून ठेवले होते आणि गादीवरचा मुलगा भराभर घड्या मोडत होता. "कुणासाठी पाहिजे, अक्का?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "मावशीसाठी." त्यानं मावशीच्या गळ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. समोर उलगडलेली डाळिंबी साडी त्यानं हलकेच बाजूला सारली आणि अगदी अदबीनं विचारलं, "फिकटातलं दाखवू का?"

मिनिटभरात गादीवर मोतिया, बदामी, राखी, फिकट जांभळा, पुसट निळा असा ढीग झाला. कापड चांगलं होतं, भाव वाजवी होता, बोलणं गोड होतं. मावशी एकेक पदर हातात घेऊन "छान आहे" म्हणत होती. तिचा डावा हात मात्र त्या बाजूला सारलेल्या डाळिंबी साडीच्या काठावर होता. अंगठ्यानं ती काठाची वीण चाचपत होती. आम्ही बदामी साडी घेऊन घरी आलो.

मावशी बासष्ट वर्षांची आहे. काका जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्यावर कुणी सक्ती केलेली नाही, घरात कुणी टोचून बोलत नाही. तरी या अकरा वर्षांत तिच्या कपाटातून एकेक रंग निघून गेला आणि तो कुणी काढला हे कुणालाच सांगता येणार नाही. बाईच्या अंगावर कोणता रंग चालेल याचा निवाडा तिचं वय, तिचा नवरा आणि तिची कातडी बघून दुसऱ्यांनी करायचा, ही रीत आता बंद व्हायला हवी. ती बंद करायला सोलापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही, असं मला वाटतं, कारण हे गाव सूत रंगवून जगलेलं आहे.

माझे वडील अक्कलकोट रोडला एका डाईंगमध्ये कामाला होते. चादरीच्या आणि टॉवेलच्या सुताच्या लड्या रंगवायचं काम. सध्या कोणता रंग चालू आहे हे आम्हाला त्यांच्या नखांवरून कळायचं. एका आठवड्यात नखांच्या कडा निळ्या, पुढच्या आठवड्यात किरमिजी. रविवारी लिंबू घासून घासून ते हात धुवायचे, तरी जेवताना ताटात तोच रंग दिसायचा. त्यांच्याकडूनच मी शिकले की फिकट छटेसाठी शंभर किलो सुताला अर्धा किलो रंगही पुरतो, गडद छटेला तीन-चार किलो लागतो आणि काळ्याला त्याहून जास्त. कढत पाण्यात मीठ पडलं, मग सोडा पडला की रंग सुताला धरतो. नीट धरलेला रंग पुढे वर्षानुवर्षं धुण्यातही सुटत नाही. 1956 साली बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी ही किमया सुती कपड्यासाठी स्वस्त केली. त्याआधी सगळ्याच गडद छटा पक्क्या मिळणं आणि परवडणं ही मोठी गोष्ट होती. म्हातारीचं लुगडं फिकट असण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असायचं की ते जुनं होतं आणि विटलेलं होतं. आज डाळिंबी आणि बदामी साडीची किंमत सारखीच असते. परवडत नाही म्हणून फिकट नेसण्याचे दिवस गेले, पण फिकट नेसवण्याची सवय राहिली.

आता वसंताबद्दल. वसंतातले कपडे म्हणून हल्ली जे फोटो फिरतात त्यांत बाळाच्या अंगड्यासारखे मऊ, दुधाळ रंग असतात आणि त्यावर पातळ स्वेटर चढवलेला असतो. ज्या देशात बर्फ वितळून पहिलं गवत उगवतं तिथे हे शोभत असेल. आमचा वसंत असा नाही. फाल्गुनात माळावर पळस पेटतो, पान एक नाही आणि सगळं झाड शेंदरी. करडईची पिवळी-नारिंगी शेतं तेव्हा वाळत आलेली असतात. याच करडईच्या फुलांतून पूर्वी कुसुंबी रंग काढत. आधी पाण्यानं धुऊन पिवळा रंग घालवायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा. चैत्रात पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी येते आणि महिनाभरात बहाव्याचे पिवळे घोस लोंबायला लागतात. पारा तेव्हा चाळीसच्या वर गेलेला असतो. जमीन भाजते आणि झाडं याच दिवसांत सगळ्यात गडद रंग काढतात. असा वसंत बघत वाढलेल्या बायांना फिकट रंग हाच ऋतूचा रंग कसा वाटेल?

एकावर एक रंग चढवणं हेही आम्हाला बाहेरून शिकावं लागलेलं नाही. इरकल बघा. विजापूरच्या पलीकडून येणारं हे लुगडं सोलापुरात इतकं मुरलं की कित्येकांना ते इथलंच वाटतं. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा ताणा रेशमी. दोन्ही वेगळे. विणायच्या आधी एकेका धाग्याला फास घालून ते एकमेकांत अडकवतात, त्याला टोपी-तेनी म्हणतात. अंग हिरवं, जांभळं, काळं काहीही असो, पदर लाल आणि त्यावर पांढरी नक्षी. काठ आणखी वेगळा. त्यावर चोळी गुळेदगुड्डच्या खणाची, तीही भलत्याच रंगाची. माझी आजी काळ्या इरकलीवर राघू हिरव्या खणाची चोळी घालायची. म्हणजे काळा, लाल, पांढरा, हिरवा आणि काठाचा किरमिजी असे पाच रंग अंगावर आणि त्यात कपाळावरचं कुंकू. तिला कुणी भडक म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपल्या जुन्या डोळ्याला एकमेकांच्या उलटे रंग शेजारी ठेवलेले आवडायचे. साडीतलाच रंग ब्लाउजला, तोच बांगड्यांना, तोच टिकलीला हे मॅचिंगचं वेड मॅचिंग सेंटरं आल्यावरचं आहे. सोलापुरी चादरही तशीच. एका बाजूला निळ्यावर पांढरी नक्षी, उलटी केली की पांढऱ्यावर निळी. दोन्ही रंग एकाच कापडात नांदतात.

मग 'भडक' हा शब्द आला कुठून? माझं निरीक्षण असं आहे की हा शब्द कपड्याला क्वचितच लागतो, तो माणसाला लागतो. तीच राणी रंगाची साडी पंचविशीतल्या सुनेच्या अंगावर 'खुलते', पन्नाशीतल्या बाईच्या अंगावर 'जरा भडक' होते आणि नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर तर शब्दच उरत नाहीत, लोक नुसते बघतात. त्याच्या उलट 'सोबर'. कौतुकानं म्हणतात, "त्या किती सोबर राहतात." ऐकणाऱ्या बाईला पुढचं न बोललेलं वाक्यही ऐकू येतं. सावळ्या मुलींच्या वाट्याला तर हे शाळेपासून येतं. "तुला पिवळा नको, मोरपंखी नको, अंग आणखी काळं दिसेल." मी सावळी आहे. तिशी उलटेपर्यंत मी हळदी रंगाचं एकही कापड अंगाला लावलं नव्हतं. पहिल्यांदा घातलं तेव्हा आरशात बघून मला रडू आलं, कारण तो रंग मला शोभत होता आणि ते सांगायला इतकी वर्षं कुणी नव्हतं.

मुख्य गोष्ट आहे आहेराची. आपल्याकडे साठीच्या पुढची, एकटी असलेली बाई स्वतःसाठी साडी किती वेळा विकत घेते? फार थोड्या वेळा. तिचं कपाट आहेरावर भरतं. पुतण्याचं लग्न, भाचीचं डोहाळजेवण, वास्तुशांत, दिवाळीतली भाऊबीज. प्रत्येक ठिकाणी दुसरं कुणीतरी दुकानात बसून तिच्यासाठी साडी निवडतं आणि प्रत्येक जण मनात एकच हिशोब करतो, "त्यांना काय, फिकट चालेल." यादीत तिच्या नावापुढे रंग आधीच लिहिलेला असतो. मीसुद्धा हे केलं आहे. मुलाच्या मुंजीत आहेराच्या सतरा साड्या घेतल्या आणि त्यांतल्या तीन 'तशा' म्हणून वेगळ्या काढल्या. राखी, मोतिया, फिकट निळ्या. त्या तिघींपैकी एकीलाही मी विचारलं नाही. घरी आणल्यावर त्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. तेव्हा मला ही काळजी वाटली होती. आज त्या पिशवीची आठवण झाली की मला खरोखर वाईट वाटतं.

अशा पाच-सात वर्षांच्या आहेरात कुणाचंही कपाट आपोआप पांढुरकं होतं. मग सून प्रेमानं म्हणते, "आईंना फिकटच आवडतं, बघा ना, सगळ्या तशाच आहेत." आणि पुढच्या वेळी तीही फिकटच आणते.

यावर पहिला आक्षेप येतो तो उन्हाचा. सोलापूरच्या उन्हात फिकटच बरं, त्यात कसला अन्याय? उन्हाची गोष्ट खरी आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद शोषतो. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी मी स्वतः पांढरा सुती कुर्ता घालते. पण रंगापेक्षा कापड आणि सैलपणा अधिक काम करतो. वाळवंटातले बेदुईन अरब काळे झगे का घालतात यावर 1980 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात संशोधन छापून आलं होतं. काळा झगा जास्त ऊन शोषतो हे त्यात दिसलं, पण झगा सैल असल्यामुळे ती जास्तीची उष्णता आतल्या वाऱ्यानं कातडीपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसाइतकीच उष्णता काळ्या झग्यातल्या माणसाला लागते, असंही दिसलं. शिवाय पातळ पांढऱ्या सुती कापडातून कातडी जाळणारे अतिनील किरण बऱ्यापैकी आत शिरतात, दाट विणीचं गडद कापड ते जास्त अडवतं. आपल्याकडे सातरस्ता चौकात दुपारी बारा वाजता उभं राहून बघा. गाडीवरून जाणाऱ्या प्रत्येक बाईनं साडीवर सनकोट चढवलेला असतो, डोक्याला स्कार्फ, हातात मोजे. आत काय रंग आहे हे उन्हाला कळतही नाही. आणि ऊनच खरं कारण असेल तर माझा साधा प्रश्न आहे. त्याच लग्नाच्या त्याच मांडवात, त्याच दुपारी, सुनेला गडद हिरवा शालू आणि नवरा गेलेल्या जावेला मोतिया साडी कशी? ऊन नातं विचारून पडत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. परंपरेबद्दल मला आदर आहे, म्हणून ती नीट बघायला हवी असं मला वाटतं. संक्रांतीला आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदी अंगरख्यात नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालतात. त्या पांढऱ्याला आपण पवित्र मानतो, त्यात मिरवतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बांधवांकडे विचारा. तेलुगू लग्नात मधुपर्काचं वस्त्र पांढरं असतं, लाल काठाचं. म्हणजे तोच रंग पुरुषाच्या अंगावर मान, नवरीच्या अंगावर मंगल आणि शेजारच्या घरातल्या एकट्या बाईच्या अंगावर तिचं काय गेलं याची खूण. काळ्याचंही तसंच. एरवी शुभकार्याला काळं नको, पण संक्रांतीला नव्या सुनेला हौसेनं काळी चंद्रकळा नेसवायची आणि वर हलव्याचे दागिने घालायचे. परंपरा इतकी लवचिक आहे. जिथे तिला प्रेमानं वाकवायचं मनात आलं तिथे ती वाकली. बाईच्या एकटेपणापाशी आल्यावरच ती ताठ होते, कारण तिथे तिला वाकवायला कुणी हात लावला नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. "त्यांनाच फिकट आवडत असेल तर?" असू शकतं. माझ्या मोठ्या आत्याला खरोखरच पांढरा आवडायचा. सधवा असतानाही ती बारीक काठाची पांढरी सुती पातळंच नेसायची, मोगऱ्याचा गजरा माळायची आणि कुणी रंगीत साडी दिली तर सरळ दुसऱ्याला देऊन टाकायची. तिला लाल साडी नेसवणं हीसुद्धा जबरदस्तीच झाली असती. म्हणून मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी उठून गडद नेसावं. मी म्हणते, विचारा. दुकानात बसल्यावर विचारा, आहेराची यादी करताना फोन करून विचारा, आणि पहिल्या फटक्यात "काहीही चालेल गं" असं उत्तर आलं तर दुसऱ्यांदा विचारा. ज्या बाईला अकरा वर्षांत कुणी रंग विचारला नाही, तिला पहिल्या प्रश्नाला उत्तर सुचणारच नाही.

पुरुषांचंही थोडं सांगायला हवं. पूर्वी इथल्या पुरुषांच्या डोक्यावर गुलाबी, केशरी, हिरवे पटके-फेटे असत. आता कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि राखाडी-निळी पँट. त्यात हल्ली प्रत्येक रंगावर कुणाचा ना कुणाचा झेंडा रोवलेला. भगवा घातला की एक अर्थ, हिरवा घातला की दुसरा, निळा घातला की तिसरा. ज्या लोकांनी निळा रंग स्वाभिमानानं अंगावर घेतला, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी तो स्वतः निवडला. पण कॉलेजातला एखादा मुलगा हिरवा शर्ट हातात घेऊन "नको, लोक काय समजतील" म्हणत परत ठेवतो तेव्हा पेठेतल्या त्या गादीवरचीच गोष्ट पुन्हा घडत असते.

कायद्यानं यातलं किती सुटेल? 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे करायचं नाही असं गावानं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं असं सांगितलं. या कामाला चालना देण्यात आपल्याच जिल्ह्यातलं करमाळ्याचं महात्मा फुले समाजसेवा मंडळ होतं, याचा मला अभिमान आहे. पण बांगडी फोडताना दिसते, आवाज येतो, कुणीतरी हात धरू शकतं. फिकट साडी गुपचूप येते. ती भेट म्हणून येते, वर नारळ असतो, खाली वाकून नमस्कारही केलेला असतो. ग्रामसभा तिच्यावर ठराव करू शकत नाही. ते काम घरानंच करायचं आहे आणि दुकानानं. दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. गळा बघू नका. "कोणता रंग दाखवू?" एवढंच विचारा. आणि ज्या घरांत चैत्रगौर बसते, त्या घरातल्या बायांना विनंती आहे की यंदा डाळ-पन्ह्याचं बोलावणं करताना आळीतल्या कुणालाही वगळू नका. नवी साडी नेसून जायला जागाच नसेल तर बाईनं रंग घ्यायचा कशाला?

बदामी साडी आणल्यावर मला चार दिवस चैन पडेना. पाडव्यानंतर मी मावशीला पुन्हा त्याच दुकानात घेऊन गेले. या वेळी मुलानं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मावशीच सांगेल." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या दिवशीची ती डाळिंबी आहे का अजून?" ती गेली होती. त्यानं तसल्याच रंगाची इरकल काढली, चिक्की काठाची. मावशीनं पदर उलटा करून टाके बघितले, धाग्याच्या गाठी बघितल्या, जशा माझे वडील बघायचे तशा. भाव केला. दीडशे रुपये कमी करून घेतले.

अजून ती नेसून बाहेर गेलेली नाही. एकदा संध्याकाळी दार लावून घरातच नेसली आणि मला व्हिडिओ कॉल केला. मागे भिंतीवर काकांचा फोटो होता. म्हणाली, "हे असते तर म्हणाले असते, उशीर केलास." परवा ती गल्लीतल्या टेलरकडे ब्लाउज टाकायला गेली. खण तिनं हिरवा घेतलाय.